शटल पाच ग्रॅमचं, लाडू पन्नास ग्रॅमचा

बेंगळुरूच्या मल्लेश्वरमात मुलाला बॅडमिंटनला घालायचं ठरवलं की आधी एका लग्नाच्या हॉलची गोष्ट ऐकून घ्यावी लागते. वाणी सांगतो, इस्त्रीवाला सांगतो, लिफ्टमध्ये भेटलेले निवृत्त बँक मॅनेजर तर दोन मजल्यांच्या अवधीत सगळी सांगून मोकळे होतात. कॅनरा युनियनचा हॉल. तिथं लग्नं लागायची आणि ज्या दिवशी मुहूर्त नसेल त्या दिवशी पोरं बॅडमिंटन खेळायची. त्यातल्याच एका पोरानं 1980 साली लंडनला जाऊन इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला हरवलं आणि ऑल इंग्लंड जिंकली. प्रकाश पदुकोण. त्याआधी सलग नऊ वर्षं राष्ट्रीय विजेतेपद त्याच्याकडेच होतं.

गोष्ट शंभर टक्के खरी आहे. फक्त तिच्यात एक महत्त्वाचा तपशील गाळलेला असतो. सरावाला जाताना हा मुलगा डब्यात काय न्यायचा, हे कोणीच सांगत नाही. लग्नाच्या दिवशी सराव बुडाला तरी पंगत तर असणारच; तिथली एखादी जिलबी त्याच्या वाट्याला यायची का? अंधार. आणि आमच्या भागातल्या निम्म्या घरगुती भांडणांचं मूळ या अंधारात आहे. ज्याअर्थी पदुकोण काय खाऊन मोठा झाला हे माहीत नाही, त्याअर्थी तो आपल्याच घरात करतात ते खाऊन झाला असणार, असं मल्लेश्वरममधल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठामपणे वाटतं.

आमची लेक बारा वर्षांची आहे आणि आठवड्यातून पाच दिवस खेळायला जाते. कोर्टाच्या कडेला पालकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग आहे. तिथं बसून खेळ फार थोडे लोक बघतात. बाकीचे एकमेकांचे डबे बघतात. एका अय्यंगार आजोबांच्या स्टीलच्या डब्यातून पुळियोगरे निघतो, तो नात येईपर्यंत ते स्वतःच निम्मा चाखून बघतात आणि मीठ बरोबर असल्याची खात्री करतात. मंगळूरकडच्या एक कोंकणी बाई फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेले खोट्टे आणतात. त्यांचा मुलगा सामना हरला तरी त्यांच्याभोवती गर्दी असते. एक आंध्राकडच्या आई चेक्कलू आणतात, ते चावताना होणाऱ्या आवाजानं एकदा पंचांनी सर्व्हिस थांबवली होती. आणि एक गृहस्थ रोज नव्या कंपनीचा प्रोटीन बार आणतात, चष्मा कपाळावर चढवून त्याच्या पाठीवरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचतात आणि मग तो मुलाला देतात. मुलगा तो घेतो आणि खोट्ट्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

या रांगेत मराठी डब्याची लाज राखण्याची जबाबदारी माझ्यावर आहे. निदान सासूबाईंचं तसं मत आहे.

सासूबाई कोल्हापूरच्या. त्यांचे मामा तालमीतले. खेळाडूला काय खायला घालायचं हा विषय त्यांच्या मते त्या काळीच निकालात निघालेला आहे: पहाटे मेहनत, मग बदाम, खसखस, बडीशेप आणि मिरे घोटून केलेली थंडाई, वर दूध, खारीक, आणि संध्याकाळी जे काही शिजलं असेल ते दुप्पट. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ते काय कागदात गुंडाळलेले बार खाऊन? या प्रश्नाला आमच्या घरात कोणाजवळ उत्तर नाही. सासूबाई दिवाळीनंतर महिनाभर आमच्याकडे असतात आणि आल्या आल्या कढई मागतात.

त्यांचा डिंकाचा लाडू बघत राहावा असा असतो. तुपात डिंकाचा खडा टाकला की तो आधी गप्प बसतो, मग एकाएकी फुगून पांढरा होतो. तेवढ्यात झारा फिरला नाही तर आत कच्चा राहतो आणि दातात अडकतो, म्हणून त्या वेळी स्वयंपाकघरात बोलायची सोय नाही. मग खारकेची पूड, भाजलेलं खोबरं, खसखस, बदाम आणि गुळाचा पाक. लाडू वळताना त्या तळहात किंचित वर-खाली करतात आणि वजन जोखतात. तो काटा किती अचूक आहे ते बघावं म्हणून मी एक लाडू स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. पन्नास ग्रॅम. दुसरा ठेवला. पन्नास ग्रॅम.

आता बॅडमिंटनचं शटल नियमाप्रमाणे 4.74 ते 5.50 ग्रॅमचं असतं. म्हणजे आमची लेक ज्या वस्तूमागे दीड तास धावते, तिच्या दहापट वजन एका लाडवाच्या रूपानं पोटात घेऊन धावते. तूप पचायला वेळ लागतो, स्निग्ध पदार्थ जठरातून सावकाश पुढे सरकतात, हे शाळेच्या पुस्तकात आहे. कोर्टावर ते डोळ्यांनी दिसतं. नेटजवळ पडणारा ड्रॉप उचलायला पोरगी झेपावते, लाडू मात्र मागच्या रेषेवरच थांबलेला असतो. पैलवानाचं गणित वेगळं. त्याला वजन हवंच असतं, आणि खाल्ल्यावर तो तासाभर आडवा होऊ शकतो. बारा वर्षांच्या मुलीला साडेतीनला शाळा सुटते आणि पाचला कोर्टावर उभं राहायचं असतं.

हे सगळं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि लाडू चाळीस ग्रॅमचा केला.

दुसऱ्या बाजूला आमचे हे. यांनी आयुष्यात कुठलाही खेळ खेळलेला नाही, त्यामुळे क्रीडापोषणावर यांची मतं अतिशय स्वच्छ आहेत. मुलगी छत्तीस किलोची, म्हणजे दिवसाला अमुक इतके ग्रॅम प्रथिनं, असा तक्ता करून यांनी तो फ्रिजवर चिकटवला. तक्ता वाईट नव्हता. त्यावरूनच मला कळलं की पेलाभर दुधात साधारण सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. वर दोन वेळची डाळ आणि वाटीभर दही आहेच. बेरीज केली तर तक्ता रोजच्या जेवणातच भरत होता, आणि थोडं उरतही होतं. ही बेरीज यांच्यासमोर ठेवली. यांनी मान डोलावली आणि बारचं खोकं मागवलं. त्यातला एक मी खाऊन पाहिला. खडूला चॉकलेट चोपडल्यासारखी चव. किंमत सांगत नाही; सासूबाईही हे वाचतात.

द्रविडवर मात्र मायलेकांचं एकमत आहे. राहुल द्रविड इंदूरला मराठी घरात जन्मलेला आणि बेंगळुरूत वाढलेला, त्यामुळे सासूबाई त्याचा उल्लेख चुलतभावाचा करावा तसा करतात. त्याच्यासारखी भिंत उभी राहायला मुळात घरचं खाणं लागतं, असं त्यांचं सांगणं. अडचण अशी की द्रविडचे वडील किसान कंपनीत नोकरीला होते, कंपनी जॅम करायची आणि त्यावरून मित्रांनी पोराचं नाव ‘जॅमी’ पाडलं. म्हणजे भारतीय क्रिकेटमधल्या सगळ्यात भरवशाच्या फलंदाजाचं टोपणनाव कारखान्यातल्या बाटलीवरून आलेलं आहे, आईच्या लाडवावरून नव्हे. ही माहिती आमच्या यांनी भर जेवणात दिली. सासूबाई म्हणाल्या, “जॅम काय, गुळांबाच तो.” विषय तिथं संपला. पुढे बेंगळुरूच्या उत्तरेला येलहंक्याकडे जे मोठं क्रीडा केंद्र उभं राहिलं, त्याला पदुकोण आणि द्रविड या दोघांची नावं आहेत. तिथल्या कॅन्टीनमध्ये काय मिळतं ते विचारायला यांना एकदा पाठवणार आहे.

तिसरा पक्ष वरच्या मजल्यावरच्या अज्जींचा. मल्लेश्वरम ही 1898च्या प्लेगनंतर भरत गेलेली वस्ती, आणि अज्जींचं घराणं तेव्हापासूनचं. त्यामुळे आमची जी चर्चा चालते ती त्या भाडेकरूंचा गोंधळ या नजरेनं बघतात. सासूबाईंनी यावर उपाय शोधला. त्या रोज काडु मल्लेश्वराच्या देवळात जातात. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी 1669 साली या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याचा शिलालेख आहे, असं त्यांना तिथं कोणीतरी सांगितलं. त्या दिवसापासून त्या अज्जींशी समोरासमोर बसून बोलतात. 1898 विरुद्ध 1669. अज्जींना मराठी येत नाही, सासूबाईंना कन्नड येत नाही, दोघींना ऐकायला थोडं कमी येतं, आणि दुपारभर त्यांचं उत्तम चालतं.

अज्जींचं शस्त्र म्हणजे नाचणीचं हुरिहिट्टु. नाचणी भिजवून, सुकवून, तापल्या कढईत लाह्यांसारखी फोडायची आणि दळायची. ते पीठ शिजवावं लागत नाही. ताकात मीठ-जिऱ्याबरोबर कालवा किंवा दुधात गुळाबरोबर, दोन मिनिटांत तयार. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदूळ किंवा गहू तिच्या जवळपासही नाहीत, आणि वाढत्या हाडांच्या मुलीला ते हवंच. सासूबाईंनी चमचाभर तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “हे तर आपलं सत्त्व.” मग अज्जींच्या पिठाचे आपल्या तुपात लाडू वळले. आठवडाभर दोन्ही राज्यांत शांतता होती.

अज्जींचं खरं ब्रह्मास्त्र मात्र पानक. रामनवमीला मल्लेश्वरमच्या गल्लीगल्लीत मांडव पडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पानक, ताक आणि मुगाच्या डाळीची कोसंबरी वाटतात. पानक म्हणजे गुळाचं पाणी, त्यात लिंबू, सुंठ, वेलदोडा. भर उन्हाळ्यात, उपासाच्या दिवशी, चालून आलेल्या माणसाला साखर, आंबट आणि पाणी एकाच पेल्यात. त्यात चिमूटभर मीठ टाकलं की खेळाडूंच्या पेयात जे लागतं ते जवळजवळ सगळं आलं. अमेरिकेत हेच शोधायला 1965 साल उजाडावं लागलं. फ्लोरिडा विद्यापीठात रॉबर्ट केड नावाच्या डॉक्टरांनी फुटबॉलच्या पोरांसाठी पाणी, साखर आणि मीठ एकत्र केलं. ते इतकं भयंकर लागलं की पोरं पिईनात. शेवटी डॉक्टरांच्या बायकोनं सुचवलं, लिंबू पिळा. गेटोरेड जन्माला आलं. नाव विद्यापीठाच्या संघाचं मिळालं, पैसे डॉक्टरांना मिळाले. लिंबाचं श्रेय किती बायकांना मिळतं ते वाचक जाणतात.

ही गोष्ट मी अज्जींना सांगितली, तर त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “सुंठ नाही घातली?”

खाण्याचे हे सगळे सिद्धांत अखेर येऊन आपटतात ते संपिगे रोडच्या संध्याकाळच्या ट्रॅफिकवर. मुलांच्या आहारावर लिहिणारे लोक बहुधा ऑटोतून प्रवास करत नसावेत. खेळाआधी दोन-तीन तास व्यवस्थित जेवण, अर्धा-पाऊण तास आधी हलकं काहीतरी, हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण तो अर्धा-पाऊण तास आमचा ऑटोत जातो. म्हणजे खाऊची पहिली परीक्षा ऑटोत. पोहे नापास, पहिल्याच गतिरोधकाला शेव ड्रायव्हरच्या कॉलरमध्ये. इडली-चटणी नापास, कारणं सांगायला नकोत. मसाला डोसा तर सीटीआर हॉटेलातही लोणी टपकवतो. राजगिऱ्याचा लाडू फार गुणी, हलका, पण हात लागला की विस्कटतो. त्याचे दाणे बुटाच्या तळव्याला लागून कोर्टाच्या मॅटवर गेले की सर ज्या नजरेनं खुर्च्यांकडे बघतात तिला अपील नाही. शेंगदाण्याची चटणी आत पसरून गुंडाळलेली दशमी पास. तिखटमिठाच्या पुऱ्या चवीला पास, तेलाला नापास, कारण नंतर रॅकेटची मूठ हातातून निसटते. मेथीचं थालीपीठ आकारामुळे बाद. गूळ-शेंगदाण्याची चिक्की पहिल्या वर्गात उत्तीर्ण, फक्त ती खेळून झाल्यावर द्यायची. आधी दिली तर दातांत अडकलेला दाणा काढण्यातच पहिला गेम जातो.

शेंगदाण्याचा मल्लेश्वरमात तुटवडा नाही. बसवनगुडीची कडलेकाई परिषे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भरते, आता काडु मल्लेश्वराच्या आसपासही शेंगांची जत्रा भरते. रस्ताभर शेंगांचे ढीग, आणि त्यांतून सासूबाई एकेक शेंग कानाशी वाजवून घेतात. विकणाऱ्यांनी पुष्कळ गिऱ्हाइकं बघितली असतील. या बाई शेंगेचं ऐकतात याचं त्यांना नवल वाटतं. घरी आल्यावर त्या शेंगा खमंग भाजून, सालं पाखडून, गुळाबरोबर कुटतात. तूप नाही, पाक नाही. शेंगदाण्याचं तेल सुटतं, गूळ त्यात मऊ होतो आणि लाडू वळला जातो. तालमीच्या पोथीत याला स्थान नाही, त्यामुळे सासूबाई याला लाडू म्हणत नाहीत, “दाण्याचं काहीतरी” म्हणतात. पंचवीस ग्रॅम भरतो. पाच शटल.

एकदा मी धीर करून सरांनाच विचारलं, सराव सुरू व्हायच्या आधी नक्की काय द्यावं? सर राज्याकडून खेळलेले, मितभाषी. त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. त्यात त्या दिवशी सासूबाईंचा लाडू, यांचा बार, अज्जींचं हुरिहिट्टु आणि पानकाची बाटली, सगळं होतं. ते म्हणाले, “मॅडम, बनाना साकु.” केळं पुरे. मी विचारलं, आणि नंतर? ते म्हणाले, “घरी जाऊन ऊट.” म्हणजे जेवण. एवढं बोलून ते दुसऱ्या कोर्टाकडे गेले. मागे खुर्च्यांच्या रांगेत क्षणभर कोणाचंच झाकण वाजलं नाही.

घरी हे मी जसंच्या तसं सांगितलं नाही. सांगून उपयोगही नव्हता. केळं हे कोणाचंच नाही, ना तालमीचं, ना तक्त्याचं, ना अज्जींचं. त्यात कोणाचं कौशल्य नाही, कोणाची रात्र जात नाही, आणि “आमच्याकडे असं करतात” हे वाक्य केळ्यापुढे लावता येत नाही. आईबापांना, आज्यांना त्याचा राग येतो तो म्हणूनच. मुलं नुसती भुकेलेली असतात. त्यांची भूक भागवायला इतकं थोडं लागतं, हे पचवणं मोठ्यांना डिंकाच्या लाडवापेक्षा जड जातं.

आणि आमची लेक खाते काय? चौकशीअंती असं निष्पन्न झालं की डिंकाचा लाडू ती अय्यंगार आजोबांना देते. ते पुळियोगरेच्या मोबदल्यात तो घेतात आणि गुडघ्यांना बरा पडतो म्हणतात. बार ज्या मुलाचे वडील बारवाले आहेत त्यालाच विकला जातो, कारण त्याच्याकडे त्याच कंपनीचा संच पूर्ण होत आलाय. पानक सगळे मिळून पितात. बदल्यात तिच्या वाट्याला एक खोट्टो आणि तीन चेक्कलू येतात. दाण्याचं काहीतरी मात्र ती कोणाला देत नाही. हे सासूबाईंना कळलं तेव्हा त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी अय्यंगार आजोबांसाठी पन्नास ग्रॅमचे वेगळे लाडू वळायला घेतले.

तर मल्लेश्वरमात, किंवा अन्य कुठे, तुमचं मूल खेळायला जात असेल तर एवढं करा. दुपारचं जेवण नीट होऊ द्या. निघताना एक केळं. बाटलीत पाणी, आणि सराव तासाच्या वर असेल तर त्यात गूळ, लिंबू, चिमूटभर मीठ. सुंठ घातली तर अज्जींचा आशीर्वाद. खेळून आल्यावर दाण्याचा छोटा लाडू आणि पेलाभर दूध, मग जेवण. जे काही द्याल ते चार जास्तीचं द्या, कारण ते तुमचं मूल खाणार नाही, दुसऱ्याचं खाईल. आणि एट्थ क्रॉसच्या फळवाल्यांकडे एलक्की केळ्यांची फणी घेताना थोडी हिरवटच निवडा. पिवळी धमक घेतली तर रॅकेटच्या पिशवीत बुटाखाली चेपतात, आणि तो वास पुढच्या पावसाळ्यापर्यंत जात नाही.